ओळख आपल्या जिल्ह्याची : निजामकाळातली तहसील कचेरी

मागच्या आठवड्यात आपण सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव पाहिली. आज कचेरीत जाऊ. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, फेरफार यांसाठी आपण तिथे कितीदा जातो, पण इमारतीकडे पाहतो का?

हैदराबादच्या निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांनी 1865 मध्ये जिलाबंदी केली, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत विभागणी केली. जिल्ह्याला अव्वल तालुकदार आणि तालुक्याला तहसीलदार आला. महसुलाची वसुली, खजिना, कोठडी आणि कागद सांभाळणारा मुहाफिजखाना हे सारं या कारभारासाठी लागे. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, राज्य बदललं. रयतेचं कचेरीशी असलेलं काम मात्र तेच राहिलं.

तालुक्याच्या गावी त्या काळातली दगडी कचेरी उभी असेल, तर आत शिरण्याआधी ओसरीत थांबा. आपल्या परभणीचं ऊन मे महिन्यात काय असतं हे वेगळं सांगायला नको. ओसरीमुळे ते ऊन भिंतीपर्यंत पोचतच नाही. भिंत दोन हातांहून जाड असेल, तर दुपारची धग आत यायला संध्याकाळ होते. छत उंच, वर झरोके. गरम हवा तिथून निघून जाते. शिवाय आपला पुकारा होईपर्यंत खेड्यांतून आलेल्या माणसांना टेकायला याच ओसरीची सावली होती. मला ती इमारतीतली सगळ्यात माणुसकीची जागा वाटते.

आता कमानीखाली उभे राहा. प्रत्येक दगड वरून रुंद, खालून निमुळता घडवलेला दिसेल. वरचं ओझं दगडांना एकमेकांवर दाबतं, आणि त्या दाबानेच कमान टिकते. जवळून पाहिलं तर पाथरवटाच्या टाकीचे तिरपे घाव अजून मोजता येतात. दगडांच्या सांध्यात चुना असतो. चुनखडी भट्टीत भाजायची, विरवायची, मग वाळू घालून बैलाच्या घाण्यात मळायची. असा चुना हवेतला कर्बवायू घेत वर्षानुवर्षं घट्ट होत जातो आणि भिंतीतली ओल बाहेर सोडतो.

म्हणूनच डागडुजी करताना त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की माझा जीव तुटतो. ओल आत कोंडते, तळाला लोणा धरतो, दगडाचे पापुद्रे सुटतात. रंगाचे चार हात देऊन ते झाकता येत नाही. अशा भिंतीला चुन्याचंच काम करणारा गवंडी हवा, मग त्याला शोधायला महिना लागला तरी चालेल.

रेकॉर्ड रूममध्ये परवानगीनेच जाता येईल. तिथल्या जुन्या कागदांवर फसली, म्हणजे निजामी कारभारातलं महसुली साल असतं. त्यात 590 मिळवले की इसवी सन साधारण कळतं. सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, मराठा समाजाच्या कुणबी दाखल्यांसाठी मराठवाडाभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि या कागदांचे गठ्ठे पुन्हा सुटले. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं तेव्हा शोधून आणावी लागली. गळक्या छताखाली हा कागद किती पावसाळे काढील, हे आपल्या तहसीलदारसाहेबांना एकदा जरूर विचारा.

पुढच्या आठवड्यात जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला जाऊ.