केडगावची जागृती आणि रमाबाईंचा विवेक

सोलापूरहून पुण्याकडे जाताना दौंड मागे पडले की केडगाव लागते. तेथील पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात १९०५ च्या जूनअखेरीस प्रार्थनेला बसलेल्या मुली रडू लागल्या, पापकबुली देऊ लागल्या. पुढे काहींच्या मुखातून अनोळखी भाषा उमटल्याचे नोंदले गेले. लॉस एंजल्सच्या अझुसा स्ट्रीटवरील गाजलेली जागृती १९०६ ची. तेव्हा केडगावला तिचे अनुकरण म्हणता येत नाही.

हा निव्वळ भावनोन्माद, असे म्हणणारे होतेच. परंतु रमाबाई भाबड्या नव्हत्या. शास्त्राध्ययनामुळे कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना 'पंडिता' म्हटले, त्या या विदुषीने १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. अंतरीचे समाधान मात्र कित्येक वर्षांनी लाभले, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. दीक्षा आणि अनुभूती यांतील हे अंतर स्वतः भोगल्यामुळेच त्यांनी मुलींचा आक्रोश दडपला नसावा. मात्र अन्य भाषा हीच पवित्र आत्म्याची अनिवार्य खूण, हा आग्रहही त्यांनी धरला नाही. कृपादानांवरून भांडणाऱ्या करिंथकरांना पौलाने हेच बजावले होते : दाने मंडळीच्या उन्नतीसाठी आहेत, मिरविण्यासाठी नव्हेत. "तुला भाषा लाभली का?" असे विचारून भाविकांची प्रतवारी लावणाऱ्यांना ही गोष्ट अडचणीची वाटेल.

खुद्द रमाबाई हिब्रू व ग्रीक ग्रंथ उघडून बायबलच्या मराठी भाषांतराला बसल्या. ते काम १९२२ मधील मृत्यूपर्यंत चालले. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.