कार्बनतंतूंच्या अंगाचे रक्षण
‘ऑटोक्रॉस’ या शब्दाने ब्रिटनमध्ये गवताळ वा मातीच्या वाटेवरील शर्यत सूचित होते. अमेरिकेत मात्र डांबरी पटांगणात मांडलेल्या शंकूंमधून एकेका मोटारीने घड्याळाशी लावलेली पैज. या दुसऱ्या प्रकारात, उदाहरणार्थ २००६ सालच्या कॉर्व्हेट झेड-०६ मोटारीच्या कार्बनतंतूंच्या पुढील मडगार्डांना, धोका दुहेरी असतो. तापून चिकट झालेले टायर खडी उडवितात. तिच्यापासून पॉलियुरेथेनचा पारदर्शक पापुद्रा वरचा राळेचा थर वाचवितो. शंकूचा धक्का निराळा. तेथील २ सेकंदांचा दंड सौम्यच म्हणावयाचा! पत्र्याला पोचा पडतो, दोष उघड होतो. कार्बनतंतूंचे थर मात्र आतल्या आत सुटू शकतात आणि वरचा रंग अभंग राहतो. तेथे पापुद्रा निरुपयोगी ठरतो. म्हणून धावेनंतर तो भाग नाण्याने हलकेच ठोकून पाहतात. थर सुटले असल्यास आवाज बद्द येतो.