घरी बनवलेला पटर आणि जडत्वाचा हिशोब

गोल्फ तुम्ही खेळत नसाल, मीही खेळत नाही. तरी संशोधनाची तयारी करताय आणि घरात व्हाइस, हॅकसॉ, कानस आणि ड्रिल मशीन असेल, तर एक पटर बनवून बघा असं मी सुचवेन. पटर म्हणजे हिरवळीवर चेंडू हलकेच ढकलून खड्ड्यात घालायची काठी. वस्तू साधी आहे, खर्च थोडा, आणि तिच्यात सिद्धांत, मोजमाप, त्रुटी हे सगळं दोन-तीन रविवारांत हाताखालून जातं.

आधी एक खरी गोष्ट. कार्स्टन सोल्हाइम हा नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला इंजिनिअर, नोकरी जनरल इलेक्ट्रिकमध्ये. गोल्फ त्याने चाळिशी ओलांडल्यावर धरला आणि पटिंग काही जमेना. त्या काळचे बरेच पटर म्हणजे धातूची पातळ पट्टी. चेंडू पट्टीच्या मधोमध लागला तर ठीक, जरा बाजूला लागला की पट्टी हातात फिरायची. सोल्हाइमने साखरेचे दोन क्यूब आणि आइसक्रीमच्या काड्या जोडून कल्पना मांडली: वजन मधून काढून दोन टोकांना न्यायचं. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रेडवुड सिटीत, घराच्या गॅरेजमध्ये त्याने तसा पटर तयार केला. चेंडू लागला की 'पिंग' असा आवाज यायचा, तेच नाव पडलं. १९६६ मध्ये त्याने 'अ‍ॅन्सर'चं रेखाटन ग्रामोफोन रेकॉर्डच्या पाकिटावर केलं. १९६७ मध्ये नोकरी सोडली, आणि १९६९ ची मास्टर्स स्पर्धा जॉर्ज आर्चरने त्याच पटरने जिंकली. आज दुकानात दिसणाऱ्या कितीतरी पटरांचा आकार त्या रेखाटनावरून आलेला आहे.

आता हिशोब. वस्तू फिरवायला किती जड जाते ते जडत्व-आघूर्णावरून कळतं: प्रत्येक कणाचं वस्तुमान गुणिले अक्षापासूनच्या अंतराचा वर्ग, आणि सगळ्यांची बेरीज. वर्ग आहे म्हणूनच टोकाचा ग्रॅम मधल्या ग्रॅमपेक्षा महाग. समजा डोकं ३४० ग्रॅमचं आणि १० सेंटिमीटर लांब आहे. एकसारखी कांब असेल तर आघूर्ण वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग भागिले १२, म्हणजे साधारण २८३० ग्रॅम-सेमी वर्ग. तेच सगळं वस्तुमान दोन टोकांच्या बिंदूंवर ठेवलं तर ८५००. बरोब्बर तिप्पट.

इथे कागदावर खूश होऊन थांबू नका. बिंदूवर वस्तुमान ठेवता येत नाही. खरा पटर घ्या: ॲल्युमिनियमची १० × २.५ × १.५ सेमी पट्टी, वजन १०० ग्रॅमच्या आसपास. तिच्या मागे दोन्ही टोकांना २५ मिमी व्यासाच्या पितळी कांबीचे २९ मिमीचे तुकडे उभे लावले, प्रत्येकी १२० ग्रॅम. तुकडा टोकाच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही, म्हणून त्याचं केंद्र मध्यापासून ५ नाही, ३.७५ सेमीवर येतं. सगळी बेरीज केली तर ४४०० च्या आसपास, म्हणजे तिपटीऐवजी दीडपट. (तुकडे मागे आहेत त्यामुळे अजून थोडी भर पडते, ती सोडलीय.) आदर्श आकडा आणि बनवता येणारा आकडा यांच्यातली ही दरी प्रबंधाच्या पहिल्याच वर्षी भेटते, तेव्हा आत्ताच ओळख करून घेतलेली बरी.

पण दीडपट झाल्याने खेळाडूला काय मिळतं? चेंडू ४६ ग्रॅमचा. मध्यापासून २ सेमी बाजूला लागला की डोकं फिरतं आणि चेंडूला ते हलकं 'वाटतं'. परिणामी वस्तुमानाचा व्यस्त म्हणजे एक भागिले वस्तुमान, अधिक अंतराचा वर्ग भागिले आघूर्ण. चेंडूचा वेग किती घटेल ते यावरून काढता येतं, आणि घरंगळण्याचं अंतर वेगाच्या वर्गाशी जोडलेलं धरलं तर असं दिसतं: ६ मीटरचा पट साध्या कांबीने सुमारे ६३ सेमी तोकडा पडेल, आपल्या पटरने ४२ सेमी, आणि कागदावरच्या आदर्शाने २२ सेमी. हे आकडे स्वतः काढून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

बनवताना अवघड दोनच गोष्टी. एक, समोरचा चेहरा सपाट हवा. काचेवर पॉलिश पेपर चिकटवा, चेहऱ्यावर मार्करने रेघा मारा, घासा. रेघा सगळीकडून सारख्या पुसल्या गेल्या की झालं. कानस नुसती हाताच्या भरवशावर चालवली तर कडा गोल होतातच. दुसरी, दांड्याचं भोक. गोल्फच्या नियमांनुसार पटरचा दांडा उभ्या रेषेपासून निदान १० अंश कललेला हवा, म्हणून ड्रिलखाली लाकडाची पाचर देऊन पट्टी २० अंश तिरकी धरा. पितळ बसवायला ६ मिमीचे आटे पाडणार असाल तर भोक ५ मिमीचं. दांडा जुन्या काठीचा घ्या आणि इपॉक्सीने बसवा, पण आत्ता नाही. आधी डोकं मोजायचंय.

मोजायचं कसं? डोकं दोन समांतर दोऱ्यांनी टांगा: दोरी १ मीटर, दोघींमधलं अंतर ८ सेमी, गुरुत्वमध्य बरोबर मध्ये. थोडं पिळून सोडा, म्हणजे ते आडव्या पातळीत डोलेल. आघूर्ण म्हणजे वस्तुमान × गुरुत्वत्वरण × दोऱ्यांमधल्या अंतराचा वर्ग × आवर्तकाळाचा वर्ग, भागिले १६ × पायचा वर्ग × दोरीची लांबी. वीस डोलण्यांना साधी कांब सुमारे २९ सेकंद घेते, आपलं डोकं ३६. मोबाइलच्या स्टॉपवॉचवरही फरक कळतो.

माझ्या मते सगळ्यात मजेचा भाग इथे आहे. स्टॉपवॉचमध्ये ०.२ सेकंद चूक धरली तर ३६ सेकंदांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास, आणि वर्गामुळे आघूर्णात एक टक्का. दोऱ्यांमधलं अंतर फूटपट्टीने मोजताना १ मिमी चुकला तर ८० मिमीत सव्वा टक्का, वर्गामुळे अडीच टक्के. म्हणजे भारी टायमर घ्यायची गरज नाही, शेजाऱ्याकडून व्हर्नियर कॅलिपर आणा. आणि आपलं डोकं टांगण्याआधी ज्याचं आघूर्ण सूत्रानेच काढता येतं अशी साधी कांब टांगा. ती दोन-तीन टक्क्यांत बरोबर आली, तरच पुढचा आकडा वहीत लिहा.

शेवटी पटर खरंच काम करतो का? स्वतः पट मारून ठरवू नका. नवा पटर आपण बनवलेला आहे हे हाताला माहीत असतं. दाराच्या चौकटीला पटर लंबकासारखा टांगा, ठरलेल्या कोनातून सोडा, चेंडू मुद्दाम २ सेमी बाजूला ठेवा. तुलनेसाठी त्याच वजनाची साधी कांब हवी. गालिच्यावर ३ मीटरचा पट धरला तर अपेक्षित फरक साधारण १० सेमी. एकेका पटाचं विचलन १० सेमी असेल तर पाच-पाच पटांनंतर फरकातली अनिश्चितता ६ सेमीच्या वर राहते, म्हणजे काहीच ठामपणे म्हणता येत नाही. वीस-वीस मारले तर ती ३ सेमीच्या आसपास येते. दोन्ही पटर आलटून पालटून, नाणं उडवून ठरवलेल्या क्रमाने मारा, नाहीतर गालिच्याचे केस दाबले गेल्याचा फायदा एकालाच मिळतो.