‘नकळत’ या शब्दाचं वजन

इंधन संपून विमान पडलं, असं आपण सहज बोलून जातो. विमान अपघातांच्या इंग्रजी अहवालांत मात्र त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. ‘फ्युएल एक्झॉशन’ म्हणजे वापरण्याजोगं इंधन उरलंच नाही. ‘फ्युएल स्टार्व्हेशन’ म्हणजे टाकीत इंधन होतं, पण ते इंजिनापर्यंत पोचलं नाही. इंजिन दोन्ही वेळा बंद पडतं. पण पहिल्या शब्दामागे इंधनाचा हिशेब तपासावा लागतो, दुसऱ्यामागे नळ्या आणि झडपा.

‘कंट्रोल्ड फ्लाइट इनटू टेरेन’ हा शब्दप्रयोगही असाच कानाला खटकतो. धडधाकट विमान, पूर्णपणे वैमानिकाच्या ताब्यात, आणि तरी डोंगरावर आदळलेलं! रोजच्या शब्दांनाही इथे नेमका अर्थ असतो. दुखापत ‘प्राणघातक’ ठरते ती अपघातापासून 30 दिवसांच्या आत मृत्यू आला तर. अमेरिकी व्याख्येप्रमाणे जमिनीला लागून प्रोपेलरची पाती वाकली, तरी तेवढ्याने नुकसान ‘मोठं’ ठरत नाही.

ही भाषा कोरडी वाटते, पण तिला कारण आहे. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या शिकागो कराराच्या 13व्या परिशिष्टानुसार तपासाचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष किंवा जबाबदारी ठरवणं नव्हे. भारतातल्या अहवालांच्या सुरुवातीलाही हे कलम छापलेलं असतं.

ही शिस्त एका दिवसात आली नाही. 3 फेब्रुवारी 1959 रोजी आयोवा राज्यात बीचक्राफ्ट बोनान्झा कोसळलं. गायक बडी हॉली आणि त्याचे दोन साथी कलाकार गेले, 21 वर्षांचा वैमानिकही गेला. तपास करणाऱ्या त्या वेळच्या अमेरिकी मंडळाने संभाव्य कारणात वैमानिकाच्या निर्णयाला ‘अनवाइज’, म्हणजे शहाणपणाचा नसलेला, असं म्हटलं. हवामानाचे दोन इशारे त्याच्यापर्यंत पोचलेच नव्हते. शिवाय विमानाचं नाक वर आहे की खाली, हे त्यातलं उपकरण नेहमीच्या उपकरणाच्या उलट दाखवायचं. या गोष्टी अहवालात आहेत, पण निकालासारखा लक्षात राहतो तो एकच शब्द.

12 ऑक्टोबर 1997 रोजी कॅलिफोर्नियात गायक जॉन डेन्व्हर आपल्या लाँग-ईझी विमानाच्या अपघातात गेला. टाकी बदलायची मूठ मूळ आराखड्यात वैमानिकाच्या पायांमध्ये होती. विमान बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्यामागे बसवली होती. तिथे पोचायचं तर उजव्या हातातली नियंत्रणाची दांडी सोडायची, पट्टा सैल करायचा, अंग डावीकडे पूर्ण वळवायचं. तसं वळताना तोल सावरायला उजवा पाय आपोआप रडरच्या पेडलवर रेटला जातो, हे तपासणाऱ्यांनी तशाच विमानात बसून पाहिलं. विमानाचा ताबा घालवणाऱ्या त्या रेट्याला अहवालाने शब्द वापरला ‘इनॅडव्हर्टंट’, म्हणजे नकळत. निघण्यापूर्वी इंधन न भरणं आणि त्या विमानाची अपुरी सवय या वैमानिकाच्या उणिवाही त्याने झाकल्या नाहीत. पण त्यांच्याच शेजारी खुणा नसलेली ती अडचणीची मूठ मांडली.

‘चूक’ म्हटलं की माणसापाशी थांबायला होतं. ‘नकळत’ म्हटलं की नजर मुठीकडे जाते, आणि मूठ हलवता येते. आज बारामतीत आणि गोंदियात मुलंमुली छोट्या विमानांवर उडायला शिकत आहेत. म्हणून पत्रकारांना आणि वाचकांना विनंती आहे: ‘वैमानिकाची चूक’ एवढा मथळा वाचून थांबू नका. अहवालातली सहायक कारणंही वाचा. पुढचा जीव वाचवणारी दुरुस्ती बहुतेक वेळा तिथेच लिहिलेली असते.