बर्फाखालचा श्वास आणि पेन्सिल सेल

थंडी सुरू झाली की हिमालयातल्या मोहिमांसाठी तंदुरुस्तीचा दाखला घ्यायला आमच्या ओपीडीत तरुण मंडळींची ये-जा वाढते. रक्तदाब मोजून होतो, छाती तपासून होते आणि मग प्रश्न सुरू होतात. उंचीवर डोके दुखले तर कोणती गोळी घ्यायची? पाणी किती प्यायचे? उलटी झाली तर खाली उतरायचे का? हे सगळे विचारायलाच हवे. पण जे बर्फाच्या उतारांवर स्कीइंगला किंवा गिर्यारोहणाला निघालेले असतात, त्यांना मी एक प्रश्न विचारतो : अंगावर जे बीकन बांधणार, त्यात सेल कोणते घालणार? बहुतेकांना हा प्रश्न डॉक्टरने विचारावा याचे नवल वाटते. खरे तर तो श्वासाशी जोडलेला आहे, म्हणून डॉक्टरचाच आहे.

बीकन म्हणजे मुठीपेक्षा थोडे मोठे, पट्ट्याने छातीशी बांधायचे यंत्र. हिमस्खलनाचा धोका असलेल्या भागात गटातल्या प्रत्येकाच्या अंगावर ते सुरू असते आणि ४५७ किलोहर्ट्झ या ठरलेल्या लहरीवर साधारण सेकंदाला एक संकेत सोडत राहते. कोणी बर्फाखाली गाडला गेला, तर उरलेले साथीदार आपापली यंत्रे शोधावर लावतात आणि संकेताच्या मागावर जातात. हे यंत्र उपग्रहाशी बोलत नाही, कोणाला दूरवर निरोपही पाठवत नाही. त्याची हाक काही दहा मीटरांपर्यंतच जाते. त्यामुळे वाचवणारे असतात ते सोबतचेच लोक.

बाहेरून मदत येईपर्यंत थांबण्याइतका वेळ का नसतो, ते शरीर सांगते. हिमस्खलनात सापडलेल्या माणसाचा जीव थंडीने जातो, असा समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक मृत्यू गुदमरून होतात. गाडलेला माणूस स्वतःच सोडलेली हवा पुन्हा आत घेत राहतो. प्राणवायू घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो. उच्छ्वासाच्या उबेने तोंडासमोरचा बर्फ वितळून पुन्हा गोठतो, त्याचा काचेसारखा मुखवटा बनतो आणि आजूबाजूच्या बर्फातून झिरपणारी थोडीफार हवाही बंद होते. स्वित्झर्लंडमधल्या चार दशकांच्या नोंदींवरून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जगतात. तीस मिनिटांवर हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास येते. मधल्या वीस मिनिटांत शोधायचे असते, खणायचे असते आणि तोंडावरचा बर्फ काढायचा असतो. त्या वीस मिनिटांत सेलने दगा देऊन चालत नाही.

आता सेलकडे वळू. बऱ्याच बीकनना टीव्हीच्या रिमोटमध्ये घालतो तसे बारीक पेन्सिल सेल लागतात. दुकानात ते तीन-चार तऱ्हांचे मिळतात.

पहिला, ‘हेवी ड्यूटी’ असे छापलेला स्वस्त झिंक-कार्बन सेल. नाव भारदस्त असले तरी ताकद कमी. तो भिंतीवरच्या घड्याळाला ठीक आहे, बीकनमध्ये नको.

दुसरा अल्कलाइन. त्याच्या आतले द्रावण पाण्यात कालवलेले असते, म्हणून कडाक्याच्या थंडीत तो मंदावतो. पण त्याचा एक मोठा गुण असा की तो हळूहळू थकतो. सुरुवातीला दीड व्होल्टचा दाब असतो, तो वापराबरोबर उताराच्या रस्त्यासारखा खाली येतो. यंत्र हा दाब मोजते आणि पडद्यावर ‘७० टक्के’, ‘५० टक्के’ असे सांगते.

तिसरा, एकदाच वापरायचा लिथियम सेल. मोबाइलमधली बॅटरी ती वेगळी. या सेलमध्ये पाणी नसते, त्यामुळे शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत तो काम करतो. वजनाला हलका, टिकायला जास्त, किंमतही जास्त. कागदावर सगळ्यात सरस. मात्र त्याचा दाब जवळपास शेवटपर्यंत एकाच पातळीवर राहतो आणि मग कड्यावरून पडावा तसा एकदम कोसळतो. अल्कलाइनच्या हिशेबाने मोजणारे यंत्र अशा वेळी जवळजवळ भरलेला सेल दाखवत राहते आणि थोड्याच वेळात बंद पडू शकते.

चौथा, पुन्हा पुन्हा चार्ज होणारा निकेलचा सेल. त्याचा दाब मुळातच १.२ व्होल्ट, तोही बराच काळ सपाट राहणारा. शिवाय नुसता पडून राहिला तरी तो थोडा थोडा रिकामा होतो. म्हणून इथेही आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

म्हणूनच अनेक कंपन्या आपल्या बीकनसाठी फक्त अल्कलाइन सेल सांगतात. काही यंत्रांत लिथियम चालतो, पण कोणता सेल घातला आहे ते यंत्राला आधी सांगावे लागते. काही नव्या यंत्रांत आतच चार्ज होणारी बॅटरी असते. तिचा हिशेब यंत्राला ठाऊक असतो, पण निघण्यापूर्वी चार्जिंग विसरले तर डोंगरातल्या टपरीवर ती विकत मिळत नाही.

थंडीत लिथियमच बरा, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. त्यात तथ्य आहे, पण बीकन पाठीवरच्या सॅकमध्ये नसते. ते जॅकेटच्या आत, अंगाच्या उबेत असते. खरी परीक्षा होते ती साथीदाराला शोधण्यासाठी ते बाहेर काढल्यावर. तेव्हा हवा गोठलेली असते आणि शोधाच्या कामाला वीजही जास्त लागते. युरोपातल्या मानकाने हे ओळखले आहे. नव्या सेलवर बीकनने १० अंशांवर २०० तास संकेत सोडावा आणि त्यानंतरही उणे १० अंशांवर एक तास शोध घेता यावा, अशी त्याची अट आहे. म्हणजे शेवटचा हिस्सा शोधासाठी राखून ठेवायचा असतो. आपल्या यंत्रातला सेल आपल्यापेक्षा दुसऱ्याच्या जिवासाठी अधिक असतो, हे गटातल्या प्रत्येकाने मनाशी धरावे.

रुग्णालयात आम्ही हेच वेगळ्या रूपात पाहतो. बेशुद्ध रुग्णाच्या श्वासनळीत नळी घालताना लॅरिंगोस्कोप लागतो. त्याच्या मुठीत साधे सेल आणि पात्याला बारीकसा दिवा. तो दिवा पेटतो का, हे दर पाळीला उघडून पाहायचे असते. रुग्ण निळा पडल्यावर दिवा मिणमिणू लागला, तर सेल किती महागाचे होते याला अर्थ नसतो. आणीबाणीच्या साधनात आपल्याला हवा असतो तो स्वतःची अवस्था वेळेवर सांगणारा सेल. थोडा कमी टिकला तरी चालेल.

तेव्हा जाणाऱ्यांनी काय करावे? यंत्रासोबतची पुस्तिका वाचावी आणि तिने सांगितलेलाच सेल घालावा. वेष्टनावर ‘अल्कलाइन’ हा शब्द आणि वापराची मुदत पाहावी. सगळे सेल एकाच पाकिटातले, एकाच वेळी बदलावेत. जुना-नवा एकत्र घातला तर कमजोर सेलवर ताण येऊन तो गळू शकतो. मोसमाच्या सुरुवातीला नवे सेल, आणि आकडा निम्म्यावर आला की पुन्हा नवे. काढलेले वाया जात नाहीत, घरच्या रिमोटला चालतात. रोज सकाळी निघताना सगळ्यांची यंत्रे संकेत सोडतात आणि पकडतात याची एकमेकांत तपासणी करावी. मोबाइल बीकनपासून किमान २० सेंटिमीटर आणि शोध घेताना ५० सेंटिमीटर दूर ठेवावा, त्यानेही संकेतात अडथळा येतो. सुटे सेल आतल्या खिशात असावेत. मोसम संपला की सेल काढून ठेवावेत. विसरलेला अल्कलाइन सेल गळतो आणि त्यातला क्षार आतल्या धातूच्या पट्ट्या खाऊन टाकतो.

ज्यांना बर्फात जायचे नाही, त्यांनीही आज घरातला रक्तदाबाचा डिजिटल मॉनिटर आणि मोठी टॉर्च उघडून पाहावी. सेलभोवती पांढरी बुरशीसारखी पूड दिसली, तर हात न लावता ती कोरड्या कापडाने काढा, हात धुवा आणि सेल बदला. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या वाटा तुडवणाऱ्यांनी हेडटॉर्चच्या बाबतीत हेच करावे.

बीकन हिमस्खलन थांबवत नाही. धोक्याचा उतार टाळणे, स्थानिक वाटाड्याचे ऐकणे आणि सोबत फावडे बाळगणे याला पर्याय नाही. पण वेळ आलीच, तर शोधणाऱ्याच्या हातातले यंत्र चालू असले पाहिजे. त्याची खात्री घरीच, पाच मिनिटांत आणि थोड्या रुपयांत करून घेता येते.