‘माफीचा साक्षीदार’ आणि आपल्या मुलांची मैत्री

राजदत्त म्हटले की ‘अष्टविनायक’ आठवतो, ‘देवकीनंदन गोपाला’ आठवतो. घरातल्या सगळ्यांनी मांडीला मांडी लावून पाहावेत असे चित्रपट त्यांनी दिले. त्याच राजदत्तांचा १९८६ साली आलेला ‘माफीचा साक्षीदार’ मात्र अगदी वेगळ्या जातीचा आहे. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर तो बेतलेला असून टोळीच्या म्होरक्याची भूमिका नाना पाटेकर यांनी केली आहे. आपल्या ज्येष्ठ सभासदांना त्या काळची वर्तमानपत्रे आठवत असतील. सुरतेत जन्मलेल्या-वाढलेल्या आपल्या मुलांना मात्र हे नाव बहुधा माहीत नसते. म्हणून मूळ घटना काय होती, चित्रपटाच्या नावाचा अर्थ काय आणि पालकांनी त्यातून काय घ्यावे, हे थोडक्यात मांडत आहोत.

घटना काय होती?

पुण्याच्या टिळक रोडवरील अभिनव कला महाविद्यालयात शिकणारी ही मुले. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा. विशीच्या आसपासचे वय, हातात चित्रकला. एकत्र भटकणे, दारू, किरकोळ चोऱ्या असे सुरू झाले. जानेवारी १९७६ मध्ये त्यांनी आपल्याच ओळखीच्या, एका हॉटेलमालकाच्या मुलाला फसवून नेले. त्याच्याकडून घरी चिठ्ठी लिहून घेतली, त्याचा खून केला आणि मृतदेह लोखंडी पिंपात घालून सारसबागेच्या तळ्यात टाकला. खंडणीची मागणी झाली ती त्यानंतर.

३१ ऑक्टोबर १९७६ रोजी विजयानगर कॉलनीतील जोशी कुटुंबातील आई, वडील आणि मुलगा असे तिघे मारले गेले. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरील ‘स्मृती’ बंगल्यात संस्कृतचे वयोवृद्ध पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर, त्यांच्या पत्नी, दोन नातवंडे आणि घरकाम करणाऱ्या बाई अशा पाच जणांचा बळी गेला. मार्च १९७७ मध्ये दहावा खून झाला. तो महाविद्यालयातल्याच एका मित्राच्या धाकट्या भावाचा. त्याचा मृतदेह नदीत सापडला आणि तपासाची सूत्रे या मुलांपर्यंत पोहोचली. वेगवेगळे बसवून विचारल्यावर जबाब जुळेनात. सुमारे सव्वा वर्ष तळ्याच्या तळाशी असलेले पिंपही मग बाहेर आले.

सत्र न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये चौघांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा कारागृहात चौघांनाही फाशी देण्यात आली. मुनव्वर शहाने तुरुंगात लिहिलेले ‘येस, आय अॅम गिल्टी’ हे आत्मकथन पुढे प्रसिद्ध झाले.

नावाचा अर्थ

टोळीशी संबंध असलेला एक सहाध्यायी या खटल्यात माफीचा साक्षीदार झाला. चित्रपटाचे नाव तिथून आले आहे. ‘माफी’ हा शब्द ऐकून अनेकांचा गैरसमज होतो, की पोलिसांनी कुणाला तरी सहज सोडून दिले. तसे नसते. गंभीर गुन्ह्यात सामील असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या सहभागासह सगळी हकीकत खरी आणि पूर्ण सांगावी, या अटीवर न्यायदंडाधिकारी किंवा न्यायालय तिला माफी देऊ शकते. तेव्हा ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०६ मध्ये होती, आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. माहिती लपवली किंवा खोटे सांगितले तर माफी जाते आणि खटला चालतो. शिवाय एकट्या अशा साक्षीवर न्यायालये सहसा विसंबत नाहीत, दुसऱ्या पुराव्याचा आधार शोधतात.

म्हणजे अशा टोळीतली आतली गोष्ट बाहेर यायला बऱ्याचदा आतलाच माणूस लागतो. आम्हाला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दहा माणसे जाईपर्यंत सव्वा वर्षात आतला एकही जण उठून बोलला नाही. का?

मैत्रीची गाठ

वरवर पाहता कारण पैसा. पण केवळ पैशासाठी चार जण इतके दिवस एकत्र राहत नाहीत. पहिल्या गुन्ह्यात सगळ्यांचे हात गुंतले की प्रत्येक जण दुसऱ्याचा जामीनदार होतो. बँकेत आम्ही हे साध्या रूपात अनेकदा पाहिले आहे. ‘दोस्ताला नाही कसे म्हणायचे’ म्हणून कागद न वाचता जामीनपत्रावर सही करणारी चांगली, शिकलेली माणसे. कर्ज थकल्यावर त्यांना कळते की सही मैत्रीची असली तरी देणे आपले आहे. इथे तर सही रक्ताने झाली होती. त्यानंतर मैत्री उरली नाही, धाक उरला.

असे फक्त आपल्याकडे घडते असे नाही. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहरात १९५४ साली पोलीन पार्कर आणि ज्युलिएट ह्यूम या सोळा आणि पंधरा वर्षांच्या दोन मैत्रिणींनी पोलीनच्या आईचा खून केला. पीटर जॅक्सन यांचा ‘हेवनली क्रीचर्स’ (१९९४) हा चित्रपट त्यावर आहे. दोघींनी कल्पनेचे एक राज्यच उभारले होते, त्यात तिसऱ्याला प्रवेश नव्हता. ज्युलिएटला दक्षिण आफ्रिकेला पाठवायचे ठरले, पोलीनलाही तिच्याबरोबर जायचे होते आणि आई हाच आपला अडथळा आहे असे त्यांनी मनाशी घेतले. पुण्यात लोभ होता, तिथे ताटातूट. पण दोन्हीकडे दरवाजा आतून बंद होता. पुण्यात तो माफीच्या साक्षीदाराने उघडला, तिथे पोलीनच्या रोजनिशीने. दोन्हीकडे उशीर झालेला होता.

आपण काय घ्यावे?

‘वाईट संगत’ हा आपला आवडता शब्द. पण ही मुले एकमेकांचीच संगत होती, आणि प्रत्येकाच्या घरी संगत बिघडवणारा दुसराच कुणीतरी असे वाटत असणार. म्हणून ‘तुझे मित्र कोण?’ एवढ्यावर थांबू नये. ‘तुमच्यात एखाद्याने नाही म्हटले तर काय होते?’ हेही विचारावे. ज्या गटात ‘नाही’ म्हणणारा टिकतो, त्या गटाची फार काळजी करू नये. जिथे त्याची टिंगल होते, त्याला वाळीत टाकले जाते किंवा ‘तूसुद्धा त्यात होतास’ अशी आठवण करून दिली जाते, तिथे लक्ष घालावे.

मैत्री जबरदस्तीने तोडण्याचीही घाई करू नये. क्राइस्टचर्चमध्ये ताटातुटीच्या बातमीनेच आगीत तेल ओतले. मुलामुलींचे मित्र आपल्या घरी येऊ द्यावेत, जेवू द्यावेत. ओळख असली की बदल लवकर दिसतो.

आणि एक गोष्ट मुलांना आधीच, काही घडलेले नसताना सांगून ठेवावी: काहीही हातून झाले असले तरी पहिल्या दिवशी घरी येऊन सांग. आम्ही रागावू, पण दार बंद करणार नाही. गरज पडली तर तुझ्याबरोबर पोलीस चौकीतही येऊ. कायद्याची माफी फार उशिरा मिळते, तोवर कुणाचे तरी घर ओस पडलेले असते. पुण्यातल्या त्या तळ्याकाठी पहिल्या रात्रीनंतर एकाने घरी जाऊन खरे सांगितले असते, तर पुढची नऊ माणसे वाचली असती.

चित्रपट लहान मुलांना दाखवण्यासारखा नाही. अकरावी-बारावीच्या पुढच्या मुलांबरोबर मात्र जरूर पाहावा, आणि संपल्यावर टीव्ही बंद करून अर्धा तास बोलावे.