बल्गेरियाचीं राजपदकें

गेल्या वर्षीं माझे एक स्नेही बल्गेरियाची राजधानी सोफिया पाहून आले. तेथें संत अलेक्झांडर नेव्हस्की याच्या नांवानें बांधलेलें भव्य चर्च आहे, आणि त्याच्या जवळच जुन्या चीजवस्तूंचा बाजार भरतो. संतांचीं चित्रें, नाणीं, लष्करी टोप्या आणि पदकें तेथें उघड्यावर मांडलेलीं असतात. एका विक्रेत्यानें माझ्या स्नेह्यांच्या हातीं एक पदक ठेवलें आणि राजेशाहींतील सर्वश्रेष्ठ मानचिन्ह, ‘संत सिरिल व मेथोडियस’, तें हेंच, असें शपथेवर सांगितलें. सोबत एक लहानशी पुस्तिका होती, ती त्यानें फुकट दिली. स्नेह्यांनीं बरीच किंमत मोजली आणि घरीं येतांच मोठ्या उत्साहानें तें मला दाखविलें. दोनच मिनिटांत मला त्यांचा विरस करावा लागला. तो कसा, हें सांगतां सांगतां या पदकांची ओळख करून द्यावी, असा आजचा बेत आहे.

बल्गेरिया हें राज्य फार जुनें. परंतु त्याचीं राजपदकें अगदीं अलीकडचीं. सुमारें पांचशें वर्षें तो देश तुर्कांच्या अमलाखालीं होता. १८७७-७८ च्या रशिया-तुर्कस्तान युद्धानंतर तो सुटला, आणि १८७९ मध्यें बाटेनबेर्गचा तरुण राजपुत्र अलेक्झांडर याला लोकप्रतिनिधींनीं गादीवर निवडलें. याच वर्षीं तर्नोव्हो येथें जी राज्यघटना झाली, तिनें सरदारकीच्या पदव्या आणि मानचिन्हें सरसकट वर्ज्य केलीं होतीं! नुकत्याच मोकळ्या झालेल्या शेतकऱ्यांच्या देशाला नवे सरदार नको होते. अपवाद एकच ठेवला: युद्धांत प्रत्यक्ष पराक्रम करणाऱ्या शिपायाला राजानें एक चिन्ह द्यावें. त्यांतून १८८० मध्यें ‘शौर्यासाठीं’ हा क्रॉस जन्मास आला. फिकट निळ्या फितीला रुपेरी रेघा, मध्यें मुकुटधारी सिंह, आणि भोंवतीं ‘झा ख्राब्रोस्त’, म्हणजे ‘शौर्यासाठीं’, हीं अक्षरें.

घटनेचा हा कडवेपणा फार दिवस टिकला नाहीं. पुढच्याच वर्षीं राजानें घटना स्थगित केली आणि १८८१ च्या अखेरीस ‘संत अलेक्झांडर’ हें दुसरें मानचिन्ह स्थापिलें. नांव संताचें, पण राजाचें स्वतःचें नांवही तेंच होतें, आणि त्याच वर्षीं मारेकऱ्यांच्या हातून मेलेला, बल्गेरियाचा मुक्तिदाता म्हणविला जाणारा रशियाचा बादशहा दुसरा अलेक्झांडर याचेंही तेंच! एका नांवांत तिघांना बसविण्याची ही युक्ति मला मोठी राजकारणी वाटते. अलेक्झांडरनंतर १८८७ मध्यें आलेल्या फर्डिनंडला तर थाटामाटाची आवडच होती. त्यानें १८९१ मध्यें ‘नागरी सेवेसाठीं’, १९०० मध्यें ‘लष्करी सेवेसाठीं’, आणि देशाचें संपूर्ण स्वातंत्र्य जाहीर केल्यानंतर १९०९ मध्यें ‘संत सिरिल व मेथोडियस’ हीं मानचिन्हें काढलीं. शेवटचें सर्वांत वरचें. त्याला दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणी नव्हत्या, आणि तें फारच थोड्यांना मिळालें. हे दोघे बंधु नवव्या शतकांतले. स्लाव लोकांना लिपि मिळाली ती त्यांच्या खटपटीमुळें. लिपीच्या जनकांना राज्यांतील सर्वोच्च मान देणारा देश मला तरी दुसरा आठवत नाहीं.

आतां ओळखण्याकडे वळूं. संग्राहकानें प्रथम सिंह पाहूं नये, रत्नांसारखा चमकणारा मिना पाहूं नये, अक्षरें पाहावीं. ‘सेवेसाठीं’ या नांवाचीं जीं गोल पदकें सोन्याच्या मुलाम्यांत, रुप्यांत व काशांत मिळतात, त्यांवर राजाचें मस्तक आणि त्याची पदवी कोरलेली असते. फर्डिनंडच्या मस्तकाभोंवतीं ‘क्न्याझ’, म्हणजे राजपुत्र, असें असेल, तर ठसा १९०८ च्या आधींचा. ‘त्सार’ असेल तर नंतरचा, कारण त्या वर्षाच्या शरद् ऋतूंत त्यानें तुर्की सुलतानाचें नांवापुरतें उरलेलें स्वामित्व झुगारून राजपदवी घेतली. चेहऱ्यावरूनही काळ थोडाबहुत कळतो. याच्या लांब नाकाची थट्टा साऱ्या युरोपांतील व्यंगचित्रकारांनीं केली. पदकांवर मात्र तें नाक मोठ्या अदबीनें कोरलेलें आहे. १९१८ मध्यें पराभवानंतर फर्डिनंडनें राजत्याग केला आणि त्याचा मुलगा तिसरा बोरिस गादीवर आला. तो १९४३ मध्यें वारला. म्हणजे बोरिसचें मस्तक दिसलें कीं, ही पंचवीस वर्षांची चौकट आपल्या हातीं आली.

याहूनही बारीक खूण शुद्धलेखनाची आहे. १९४५ मध्यें बल्गेरियन लेखनपद्धति सुधारण्यांत आली; जुनीं दोन अक्षरें रद्द झालीं, आणि शब्दाच्या शेवटीं जें मुकें अक्षर पूर्वी लिहीत तेंही गेलें. तेव्हां ज्या ‘राजेशाही’ पदकावर नव्या पद्धतीचें लिखाण आहे, तें राजाच्या टांकसाळींतून किंवा त्याच्या सोनाराकडून आलेलें असणें जवळजवळ अशक्य. आपल्याकडे मोडी वाचणारा माणूस जुन्या दस्तऐवजाचा खरेपणा जसा अक्षराच्या वळणावरून ताडतो, तसाच हा प्रकार आहे. लबाडी करणारा ठसा हुबेहूब करतो. पण आजोबांच्या शाळेंतील शुद्धलेखन त्याच्या ध्यानांत राहत नाहीं.

मग पदक उलटें करावें. चांगल्या मानचिन्हांपैकीं पुष्कळशीं बल्गेरियांत तयार झालेलींच नाहींत. तीं व्हिएन्नाच्या रोठे या पेढीनें केलीं, आणि कित्येक पदकांच्या ठशांवर बर्लिनच्या टेल्गे या कारागिराचें नांव आढळतें. ऑस्ट्रियांत १८६७ पासून १९२२ पर्यंत चांदीवर डायना देवतेच्या मुखाचा सूक्ष्म शिक्का उमटवीत. कडीवर किंवा टांचणीवर भिंगांतून तो सांपडला कीं, काम निम्में झालें. मिन्याचीही परीक्षा करावी. खरा मिना म्हणजे धातूवर वितळविलेली कांच. ती थंड लागते आणि उडाली तर कपच्यांनीं उडते. दुरुस्ती म्हणून किंवा फसवणूक म्हणून लावलेला रंग मऊ असतो आणि कडेशीं ओघळलेला दिसतो. साच्यांत ओतून केलेली नक्कल मुळापेक्षां किंचित् लहान भरते, कारण धातु थंड होतांना आकसतो. तिच्या पृष्ठावर बारीक छिद्रें दिसतात आणि अक्षरांच्या कडा बोथट असतात. साध्या नागरी क्रॉसला मागाहून तलवारी जोडून तो युद्धांतला म्हणून विकण्याचीही चाल आहे. यासाठीं तलवारी जेथें मिळतात, तो सांधा नेहमीं पाहावा.

सनाच्या बाबतींत मात्र सावध असावें. महायुद्धाच्या स्मारकपदकावर १९१५-१९१८ असे आंकडे आहेत. पण तें १९३३ मध्यें, बोरिसच्या कारकीर्दींत स्थापिलें गेलें. बल्गेरियाच्या बाजूनें लढलेल्या जर्मन व ऑस्ट्रियन सैनिकांनाही तें मिळालें, म्हणून तें व्हिएन्ना आणि बर्लिनच्या दुकानांत आजही थोड्या किंमतींत मिळतें. नवशिक्यानें आरंभ त्यानेंच करावा, असें माझें मत आहे.

माझा स्वतःचा जीव मात्र शिपायांच्या शौर्यक्रॉसवर आहे. १८८५ मध्यें सर्बियानें बल्गेरियावर चाल केली, तेव्हां रशियाच्या बादशहानें रागावून आपले सर्व अधिकारी आधींच परत बोलाविले होते. बल्गेरियाच्या सैन्यांत उरले ते तरुण कॅप्टन आणि त्यांच्याही खालचे लोक. सैन्याचा मोठा भाग तर दूर तुर्की सरहद्दीवर पडलेला! तो कूच करीत आला, आणि नोव्हेंबरांत स्लिव्हनित्सा येथें तीन दिवसांच्या लढाईंत सर्बियन सैन्य मागें हटलें. त्या साध्या शिपायांच्या छातीवर जे क्रॉस लागले, त्यांना मिना नाहीं, रत्नें नाहींत. त्यांतला एखादा हातीं आला तर ब्रासोनें घासून चकचकीत करूं नका. त्यावरचा काळेपणा शंभराहून अधिक वर्षांचा आहे. एकदां गेला कीं तो परत येत नाहीं, आणि जाणत्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें निम्मी किंमतही त्याच्याबरोबर जाते.

या क्रॉसमध्यें एकच उणीव राहून जाते. पहिल्या महायुद्धांत लढलेल्या आपल्याकडील शिपायांचीं ब्रिटिश पदकें ज्यांच्या घरीं असतील, त्यांनीं त्यांची कडा पाहावी. तेथें शिपायाचा क्रमांक, नांव आणि पलटण कोरलेली असते. बल्गेरियन पदकांवर तसें नांव सहसा नसतें. तें असतें सोबतच्या सनदेवर. आणि सनदा बहुतेक नाहींशा झाल्या. ९ सप्टेंबर १९४४ रोजीं सत्ता उलटली. १ फेब्रुवारी १९४५ रोजीं बालराजा सिमेऑन याच्या तिघां पालकांना गोळ्या घातल्या गेल्या. सप्टेंबर १९४६ मध्यें लोकमत घेऊन राजेशाहीच रद्द झाली. राजाचें नांव असलेला कागद घरांत सांपडणें ज्या काळांत इष्ट नव्हतें, त्या काळांत माणसें प्रथम काय जाळतील हें सांगावयास नको. धातु लपवितां येतो, पुरतां येतो. कागदाचें तसें नाहीं. म्हणून मागें उरलीं तीं निनांवी पदकें. एखाद्या घराण्याचीं चार पदकें एकाच पट्टीवर टांचलेलीं मिळालीं, तर तीं सोडवून निरनिराळीं विकणारा माणूस उरलासुरला पुरावाही नष्ट करतो.

नवीं नांवें हा शेवटचा घोंटाळा. आजच्या बल्गेरियन प्रजासत्ताकानें ‘नागरी सेवेसाठीं’, ‘लष्करी सेवेसाठीं’ आणि ‘संत सिरिल व मेथोडियस’ हीं नांवें पुन्हां चालू केलीं आहेत. सिमेऑन, जो २००१ ते २००५ पर्यंत त्याच देशाचा पंतप्रधान झाला, तोही राजघराण्याच्या वतीनें कांहीं मानचिन्हें देत आला आहे. आणि मधल्या साम्यवादी राजवटीनें १९५० मध्यें आपलें स्वतःचें ‘सिरिल व मेथोडियस’ पदक काढलें होतें; त्याच्या नांवांतून ‘संत’ हा शब्द तेवढा गाळला.

माझ्या स्नेह्यांचें पदक तें हेंच. त्यावर राजमुकुट नव्हता, लिखाण नव्या पद्धतीचें होतें, आणि फुकट मिळालेल्या पुस्तिकेंत ‘संत’ शब्दाचा मागमूस नव्हता. ते पुस्तिका टाकून देणार होते. मीं ती उघडून वाचून दाखविली: आंत एका शिक्षिकेचें नांव होतें आणि पदक दिल्याची तारीख होती. माझ्या संग्रहांतील चाळीस राजपदकांपैकीं तिघांच्याच मालकांचीं नांवें मला ठाऊक आहेत. स्नेह्यांनीं पुस्तिका घडी न मोडतां परत घेतली, पदकाच्या डबींत ती मावेना, तेव्हां एक मोठी डबी मागितली आणि ती घेऊन घरीं गेले.